बीकनच्या वर

आदेशच्या लग्नात सगळ्यात जास्त कोण नाचलं असं निमगाव सावात कोणालाही विचारा, लोक अंकितचंच नाव सांगतील. नारायणगावच्या बाजारपेठेतल्या फतेचंद शेठचा हा मुलगा पाइप आणि मोटारपंपांच्या दुकानात वाढलेला. एरवी शर्टाची इस्त्री मोडू न देणारा. पण त्या दिवशी घामानं चिंब होऊन वरातीत शेवटपर्यंत होता. आणि त्याच लग्नात आलेल्या नवरीचा पुढं त्याला जो हेवा वाटला, तसा त्यानं जन्मात कोणाचा केला नव्हता. नवरीवर डोळा होता असं कोणी समजू नये. तसलं काही नव्हतं. त्याची जागा गेली होती, एवढंच. पण जागा गेली म्हणजे काय होतं, ते ज्याची जाते त्यालाच कळतं.

जागा म्हणजे आदेशच्या घरच्या स्लॅबवरची.

हे दोघं कॉलेजात असताना हॅम रेडिओच्या नादाला लागले. हॅम म्हणजे हौसेखातर स्वतःचा वायरलेस चालवणारा माणूस. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि जगात कोणाशीही बोलायचं, पण धंद्याचं नाही आणि राजकारणाचं नाही. मोर्सची कटकट दोघं फतेचंद शेठच्या दुकानाच्या माळ्यावर शिकले. एकानं पान्यानं लोखंडी पाइपवर वाजवायचं, टिंबाला टोला आणि रेघेला घासणं, दुसऱ्यानं ओळखायचं. खाली गिऱ्हाइकाला वाटायचं, वर दुरुस्ती चालली आहे. मग परवान्याच्या अर्जावर पोलीस चौकशी झाली, परवाने आले. दोघांनी मिळून एक ट्रान्समीटर बांधला. पत्र्याची पेटी अंकितनं कापली, आतलं जोडकाम आदेशनं केलं, आणि तो चालला तेव्हा दोघंही शहाणे असून वेड्यासारखे हसत बसले.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात श्रीहरिकोट्याहून एक रॉकेट गेलं. एका मोठ्या उपग्रहाच्या सोबतीनं त्यात एक चौकोनी पेटी होती, वजनाला टोमॅटोच्या दोन भरल्या क्रेटएवढी. तिचं नाव हॅमसॅट. आपल्या देशानं हॅम लोकांसाठी वर सोडलेली. खालून चारशे पस्तीस मेगाहर्ट्झवर जे ऐकेल, ते लगोलग एकशे पंचेचाळीसवर परत खाली बोलायचं, एवढंच तिचं काम. बोलतानाच हेडफोनमध्ये आपला आवाज वरून परत आलेला आपल्याला ऐकू यायचा. एका वेळी बरेच जण बोलू शकत, कोणी कोचीहून, कोणी मस्कतहून. पण त्या सगळ्यांत मिळून पेटीची ताकद एका वॅटची. टॉर्चच्या बल्बाएवढी. त्या एका वॅटात सगळ्यांचा वाटा. खालून एखादा फार जोरात बोलला की तो मोठा घास घेतो आणि बाकीच्यांचे आवाज आपोआप बुडतात.

म्हणून या लोकांत एक रीत आहे. पेटी सतत एक बारीक शिट्टी वाजवते, तिला बीकन म्हणतात. आपला परत आलेला आवाज त्या शिट्टीच्या वर जाऊ द्यायचा नाही. गेला, तर आपली ताकद कमी करायची. कोणी तपासायला येत नाही. पंगतीत वाढप्यासमोर आपणच हात आडवा धरतो, तसं हे.

पेटी सकाळी उत्तरेकडून उगवायची आणि पाव तासाच्या आत दक्षिणेला मावळायची. ह्याला पास म्हणतात. तेवढ्या वेळात एकानं सेटवर बसून बोलायचं आणि सारखा सूर जुळवायचा, कारण पेटी जवळ येते तेव्हा आवाज चढतो, लांब जाते तेव्हा उतरतो. दुसऱ्यानं ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना हातात धरून, न दिसणाऱ्या पेटीच्या मागं आभाळभर फिरवायची. आदेश सेटवर, अंकित अँटेनाला. गावातल्या लोकांना वाटायचं, ही खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवाल्यांचीच पोरं. आदेशची आई प्रयागबाई अंगणातून विचारायची, "आरं, ती काठी घेऊन आभाळात मासं धरताय का काय?" अंकित म्हणायचा, "धरलाय काकी, वढतोय." त्या दिवसांत त्याच्याइतका सुखी माणूस जुन्नर तालुक्यात नसावा. दुकानात तो फतेचंद शेठचा मुलगा होता. स्लॅबवर तो अंकित होता.

मग आदेशचं लग्न झालं. घोडेगावची आरती, शाळेत विज्ञान शिकवणारी.

लग्नानंतर महिनाभरानं एका रविवारी अंकितला दुकानातून निघायला उशीर झाला. गाडी लावून धावत जिना चढला तर स्लॅबवर आरती. पदर खोचलेला आणि हातात अँटेना. आदेशनं मान वळवली नाही, नुसता हात वर केला. म्हणजे थांब, पास चाललाय. अंकित पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिला. हातात मुलांसाठी नेतात तशी शेवेची पुडी होती. पास संपला. आदेश हेडफोन काढून हसत म्हणाला, "अंक्या, हिचा हात लई ठाम हाय रे. येकदाबी आवाज तुटला न्हाय."

सहज म्हणाला. नवी बायको, कौतुक वाटणारच. पण ते वाक्य अंकितच्या पोटात गेलं ते तिथंच बसलं. घरी येईपर्यंत त्यानं ते शंभरदा चावलं. हिचा हात ठाम, म्हणजे माझा हलायचा?

आरतीत खोट काढायला जागा नव्हती, हाच तिचा मोठा दोष. अंकितकडं कांदा-लसूण चालत नाही हे तिनं न सांगता लक्षात ठेवलं आणि त्याच्यापुरती भाजी वेगळी करू लागली. त्याचाही त्याला राग आला. पूर्वी प्रयागबाई विसरायची, मग नुसत्या भाकरी-दुधावर भागायचं, त्यात आपलेपण होतं. आता त्याचं ताट वेगळं निघालं म्हणजे तो पाहुणा झाला. "अंकित भाऊजी, आज तुम्ही धरता का अँटेना?" असं ती दर वेळी विचारायची. विचारायची! ज्याचं घर त्यालाच या बसा म्हणण्यातला प्रकार. तो म्हणायचा, "नको वहिनी, चालू द्या." आणि मग पास संपेपर्यंत तिचा हात कधी हलतो ते बघत बसायचा. तो काही हलायचा नाही.

पुढं तिनं परीक्षाही दिली. परवाना यायला वर्ष गेलं, पण आला. तिचा आवाज पहिल्यांदा पेटीवर गेला त्या दिवशी देशभरातून लोकांनी तिचं स्वागत केलं. बायकांचे आवाज तिथं मोजकेच. त्यात हिचे शब्द स्वच्छ, घाई नाही, दुसऱ्याचं बोलणं पुरतं ऐकून मग बोलणारी. कोचीचा एक म्हातारा तर रोज आधी तिचीच चौकशी करू लागला. आदेश माइक तिच्या हातात देऊन स्वतः अँटेना धरायला लागला. म्हणजे आता दोन्ही जागा घरातच भरल्या.

अंकितनं निमगावला जाणं सोडलं. कामं आहेत म्हणाला. आदेशचे फोन दुकानावर यायचे. एकदा अंकितनं हातानं खूण केली, नाही म्हणून सांगा. फतेचंद शेठना खोटं बोलता येत नसे. ते फोनवर म्हणाले, "तो नाही म्हणून सांगा म्हणतोय." त्यानंतर फोन कमी झाले.

मग अंकितनं दुकानाच्या गच्चीवर स्वतःचं ठाणं उभं केलं. कारखान्यात बनलेल्या अँटेना मागवल्या. त्या फिरवायला विजेची मोटार, म्हणजे कोणाच्या हाताची गरजच नको. फतेचंद शेठ वर येऊन बघून गेले आणि म्हणाले, "पाण्याच्या टाकीला जागा राहू दे." सगळं उत्तम होतं. फक्त ऐकू येत नव्हतं. खाली वेल्डिंगची दुकानं, शेजारी संपतचं मोटार रिवाइंडिंग, वर विजेच्या तारा. हेडफोनमध्ये पाटा-वरवंटा घातल्यासारखी घरघर, त्यात पेटीचा एक वॅट कुठला सापडायला. अंकितला स्वतःचा परतीचा आवाज लागेना. मग त्यानं मोठा ॲम्प्लिफायर जोडला. आता आवाज लागला, चांगला खणखणीत.

आणि एक चमत्कार दिसू लागला. घरघरीतून कोची, हैदराबाद, आदेश-आरती असे सगळे पुसट बोलताना ऐकू यायचे, आणि ह्यानं तोंड उघडलं की सगळे गप्प. जो मनुष्य दहा वर्षं ह्या विद्येत आहे त्याला कारण कळायला पाव मिनिट पुरे. पण हेव्यानं माणसाची विद्या पहिली जाते. अंकितला वाटलं, हे मुद्दाम गप्प बसतात. त्यांनी कट केलाय. आदेशनं आणि तिनं सगळ्यांना सांगितलंय.

दोन-चार दिवसांनी आदेशचा आवाज आला, इंग्रजीत, सगळ्यांना उद्देशून: एक स्टेशन बीकनच्या फार वर आहे, कृपया ताकद कमी करावी. तेव्हा अंकितच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चूक कळली. कान तापले. पण चुकीपेक्षा जास्त झोंबला तो शब्द. "एक स्टेशन." आदेशनं त्याचा आवाज ओळखला नसेल असं होणंच शक्य नव्हतं. नाव न घेता बोलला ते मित्राची लाज राखायला, हे कोणालाही कळलं असतं. अंकितला मात्र एवढंच कळलं, की आपण आता आदेशला "एक स्टेशन" झालो. त्यानं सेट बंद केला आणि ॲम्प्लिफायरवर फडकं टाकलं.

थंडीत एक दिवस संपत दुकानात डोकावला. "तुमचा दोस्त माझी बॅटरी घेऊन गेला की. रविवारी जोडीनं आहुप्याला चाललंय म्हणं, कड्यावर. तुर्कस्तानात बोलणार हायत."

अंकितच्या हातातला पाइपचा एल्बो खाली पडला.

आहुप्याचा कडा हा त्याचा आणि आदेशचा बेत होता. पेटीचा पहिला पास डोक्यावरून जातो. दीड तासानं दुसरा येतो तो पश्चिमेला, अगदी क्षितिजाला लागून. आहुप्याला देवराईच्या पलीकडं कडा तुटतो आणि खाली सगळं कोकण उघडं, मध्ये काही आड नाही. तिथून ती खालची पेटी पकडली तर तुर्कस्तानातल्या माणसाशी बोलता येईल, हे पेटी उडाली त्याच महिन्यात दोघांनी स्लॅबवर बसून नकाशावर दोरी धरून काढलं होतं. इतक्या लांब ह्या भागातून पेटीवर कोणी बोललं नव्हतं. आदेश म्हणाला होता, "जाऊ तवा दोघंच जाऊ." आता दोघंच चालले होते.

फोन आपण घेत नाही, बोलावणार कसं, हा विचार अंकितच्या मनात आला नाही असं नाही. आला. त्यानं तो बाहेर हाकलला.

रविवारी अंकित गच्चीवर गेला आणि ॲम्प्लिफायरवरचं फडकं काढलं. तोंडानं बोललो तर आवाज ओळखतील, म्हणून त्यानं मोर्सची की, ती बोटानं दाबायची पट्टी, जोडली. त्याच्या गच्चीवरून पश्चिमेचे डोंगर आडवे येत होते, पण एवढ्या ताकदीपुढं थोडं घासून गेलं तरी चालणार होतं. सुट्टीमुळं संपतचं दुकान बंद, त्यामुळं घरघरही कमी. दुसरा पास सुरू झाला. शिट्टी लागली आणि तिच्याखाली, बारीक पण स्वच्छ, आरतीचा आवाज. ती शांतपणे हाक देत होती. थोड्या वेळानं लांबून, खोल विहिरीतून यावं तसं उत्तर आलं. एक पुरुष, जड उच्चारांचं इंग्रजी, तिचा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, अर्धा बरोबर, अर्धा चुकीचा. तिनं पुन्हा सांगितला. आता त्यानं पूर्ण म्हटला की झालं. नोंद होईल, आणि तिच्या नावानं होईल.

अंकितनं की दाबली.

नुसती दाबून ठेवली असती तर एक अखंड भोंगा गेला असता आणि तो कोणाचा हे देवालाही कळलं नसतं. पण दहा वर्षांची सवय. कीवर बोट पडलं की नुसतं बसत नाही. व्ही, व्ही, व्ही. सेट तपासताना पाठवतात ते अक्षर, तीन टिंबं आणि एक रेघ. ताकदीच्या मीटरचा काटा शेवटाला गेला. हेडफोनमध्ये तुर्कस्तान बुडालं, आरती बुडाली, शिट्टीसुद्धा बुडाली. राहिला फक्त तो. अख्खा एक वॅट त्याचा. मध्ये त्यानं बोट उचललं तर आरती म्हणत होती, "पुन्हा सांगा, कृपया पुन्हा." त्यानं परत दाबली. पेटी मावळेपर्यंत दाबली.

त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं, हेही सांगितलं पाहिजे. दोन वर्षांत लागलं नव्हतं एवढं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पासला त्यानं कान लावला. पेटीवर गोंधळ होता. कोण होता तो, विनापरवाना होता का, सरकारला कळवा. कोणीतरी म्हणालं, अशा माणसाचा परवाना कायमचा काढून घ्यायला हवा. मग आदेशचा आवाज आला. तो सगळ्यांची क्षमा मागत होता. म्हणाला, दोष माझा आहे. घरी एक जुना ट्रान्समीटर आपोआप व्ही पाठवायला लावून ठेवला होता, त्याच्यात बिघाड होऊन तो पूर्ण ताकदीनं सुरू राहिला. दुरुस्त होईपर्यंत मी हवेवर येणार नाही. बंगळूरच्या एका जाणत्या माणसानं त्याला सगळ्यांदेखत चार शब्द सुनावले. आदेशनं ऐकून घेतले आणि गेला. कोचीच्या म्हाताऱ्यानं विचारलं, आरती कुठं आहे? 

अंकितला काही उमजेना. आदेशच्या घरचा सेट खरंच सुरू राहिला होता की काय? मग आपलं पाप तेवढंच कमी. ह्या हिशेबानं त्यानं आठ-दहा दिवस काढले.

एका दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली. आरती उतरली. हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड. काउंटरवर ठेवून तिनं गाठ सोडली. पत्र्याची पेटी. त्यानं कापलेली, आदेशनं जोडलेली.

"भाऊजी, ह्याच्यात बिघाड आहे म्हणतात," ती म्हणाली. "मी तीनदा उघडला. मला सापडत नाही. तुम्ही दोघांनी बांधलाय, तुमच्या हाताला लागेल."

"आदेश काय म्हणतो?"

"ते हातच लावत नाहीत त्याला. हवेवर येत नाहीत, मलाही येऊ देत नाहीत. दुरुस्त झाल्याशिवाय नाही म्हणतात, आणि दुरुस्त करत नाहीत." ती स्टुलावर बसली. तिचा चेहरा सुकला होता. "खरं सांगू का भाऊजी? कड्यावर मी ते व्ही ऐकले. मला ते यंत्राचे वाटले नाहीत. यंत्राची रेघ दर वेळी सारखी असते. हा शेवटची रेघ ओढत होता. मी ह्यांना तिथंच म्हटलं, हा माणसाचा हात आहे. ह्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि कोकणाकडं बघत बसले. घरी येऊन म्हणाले, आपलाच सेट. भाऊजी, लग्न झाल्यापासून हे माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत. मला वाटतंय, ह्या वेळी बोलले. कोणासाठी बोलले?"

अंकितनं स्क्रू काढायला घेतले म्हणून बरं, नाहीतर हातांचं काय करावं हा प्रश्न होता. रेघ ओढणारा हात. माळ्यावर पाइपवर ज्यानं तो हात महिनोन्‌महिने ऐकला, त्याला तो ओळखायला दोन अक्षरं पुरली असणार. आवाज लपवायला की जोडली, आणि आवाजाहून जास्त ओळखीची गोष्ट आदेशच्या कानात घातली. आदेशला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. आणि त्यानं सगळ्या देशासमोर स्वतःचं नाव खराब करून घेतलं.

अंकितला लाज वाटली. खूप वाटली. पण त्या लाजेच्या खालून, नको नको म्हणताना, एक आनंद वर आला. आदेश माझ्यासाठी खोटं बोलला. हिच्याशी खोटं बोलला. एक गोष्ट अशी आहे जी त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि हिला माहीत नाही. दोन वर्षं जी जागा गेली म्हणून तो जळत होता, ती समोर चादरीत बांधून हिनंच आणून दिली होती.

आता फार काही करायचं नव्हतं. कुठंतरी बोट दाखवायचं, झालं म्हणायचं. आरती हा सेट घेऊन घरी जाईल, आदेश समजेल, हवेवर येईल, आणि ती गोष्ट जन्मभर दोघांचीच राहील. अंकितनं पॉलिश पेपरचा तुकडा घेतला, आतल्या रिलेचे, म्हणजे सेट चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, पॉइंट घासले आणि म्हणाला, "सापडलं वहिनी. हा रिले चिकटत होता. जुना झालाय, पॉइंट काळे पडलेत. आता नाही चिकटणार."

आरती उठून काउंटरवर वाकली. रिले बघितला. मग त्याच्याकडं बघितलं.

"हा मी परवा पुण्याहून आणून नवा घातलाय," ती म्हणाली.

दुकानात एक गिऱ्हाईक आलं, फूटव्हॉल्व्ह आहे का विचारून गेलं. फतेचंद शेठ गादीवर चष्मा पुसत होते, ते पुसतच राहिले.  शाळेत मास्तरीणबाई शिकवून शिकवून एका गोष्टीत तयार होतात: खोटं उत्तर कोणत्या बाजूनं आलंय ते त्यांना लगेच दिसतं.

"मी होतो, वहिनी," अंकित म्हणाला.

"ते आता कळलं," ती म्हणाली.  "मी तुमचं काय केलं होतं, भाऊजी?"

 तुम्ही काही केलं नाही, हेच तर दुखणं होतं. तो म्हणाला, "मी सांगतो. सगळ्यांना सांगतो."

"परवाना जाईल."

"जाऊ द्या."

तिनं पेटी चादरीत बांधली. तो उचलायला पुढं झाला तर म्हणाली, "राहू द्या. येते मी." आणि ते जड ओझं स्वतःच उचलून रिक्षात बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकितनं ॲम्प्लिफायरची वायर काढून टाकली. पास सुरू झाला तेव्हा खाली वेल्डिंग जोरात होतं, संपतची मोटार फिरत होती. त्यानं माइक हातात घेतला, स्वतःचा कॉलसाइन सांगितला आणि म्हणाला, त्या रविवारचे व्ही मी पाठवले होते. मुद्दाम पाठवले होते. आदेशच्या सेटमध्ये कधीच काही बिघाड नव्हता. हेडफोनमध्ये घरघरीशिवाय काही आलं नाही. आपला आवाज वर पोचून परत आला की वाटेतच मेला, कळायला मार्ग नव्हता. वायर हाताशी होती. जोडली असती तर लगेच कळलं असतं. त्यानं नाही जोडली. तेच सगळं पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. पेटी दक्षिणेला मावळली तरी तो सांगतच होता.

खालून फतेचंद शेठनी हाक मारली. "अंकित, फोन. आणि ह्या वेळी तू आहेस म्हणून सांगितलंय."

तो जिना उतरून आला. फोनवर आदेश होता. 

"पयल्यांदाच ऐकू आलं व्हतं," आदेश म्हणाला. "परत परत कशापायी सांगत बसलास?"

"मला माझाच आवाज लागत नव्हता."

"आमाला लागत व्हता."

आमाला. तेवढ्यावरूनही अंकितला ती ओळखीची कळ आली. बारीक होती, पण आलीच. इतकं सगळं होऊनही आली, ह्याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"मी तुझी लाज राखाया खोटं बोललो, आन् तू घालवून आलास," आदेश म्हणाला. आवाजात राग होता, तो त्यानं लपवला नाही. "ती कालपास्नं माझ्याशी धड बोलत न्हाय. तुझ्यापायी तिला फशिवलं म्हणती. माझं मला निस्तरू दे."

"आदेश," अंकित म्हणाला, "मी रविवारी येऊ का?"

 मग आदेश म्हणाला, "थांब, आरतीला इचारतो."

रिसीव्हर कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. लांबून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. अंकितनं दुसऱ्या कानावर हात दाबला आणि फोन धरून थांबला.